संशोधनाचा खर्च कोणी सोसावा?

(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मी चिटणीसांना कळविला तेव्हा ते क्षणभर थबकले. वधूवर मेळावा, शिष्यवृत्त्या, गुणवंतांचा सत्कार ह्या विषयांची आपल्या व्यासपीठाला सवय आहे; प्रयोगशाळेचे नाव येथे सहसा निघत नाही. शिवाय मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, शास्त्रज्ञ नव्हे. तरीही हा विषय मी घेतला, ह्याला कारण आहे.

गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत संस्थेच्या शिलकी निधीचा विनियोग कसा करावा, ही चर्चा निघाली. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आणखी एक सभागृह बांधावे, अशी सूचना आली. त्या निधीतील थोडी रक्कम विज्ञानात संशोधन करणाऱ्या एखाद्या तरुणासाठी बाजूस काढावी, अशी उपसूचना मी मांडली. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “मास्तर, आपण कर भरतो तो कशासाठी? ते काम सरकारचे.” दुसरे एक गृहस्थ व्यापारी; ते म्हणाले, “ज्याला त्यातून नफा होईल तो करील खर्च. आपण मध्ये का पडावे?” वेळ संपली, उपसूचना पुढे ढकलली गेली, आणि माझे उत्तर ओठांतच राहिले. ते आज देण्याची अनुज्ञा असावी.

दोन्ही आक्षेप सूज्ञ माणसांचे आहेत आणि दोहोंतही तथ्य आहे. म्हणून प्रथम सरकारची बाजू पाहू.

आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या तोंडी ‘८६०३२’ हा आकडा असतो. ही उसाची जात. तिचे पुरते नाव ‘को ८६०३२’. त्यातील ‘को’ म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ साली सरकारने ऊस-पैदास केंद्र स्थापिले. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन ह्या शास्त्रज्ञांनी तेथे लागवडीच्या उसाचा संकर नदीकाठी माजणाऱ्या काश नावाच्या रानगवताशी केला. गवताचा आणि साखरेचा काय संबंध, असे त्या वेळी कोणीही म्हटले असते. परंतु त्या संकरातून ‘को २०५’ ही जात निघाली, १९१८ साली ती शेतकऱ्यांच्या हाती गेली, आणि उत्तर हिंदुस्थानातील ऊसशेतीचे रूप पालटले. ८६०३२ मधील ८६ हा आकडा १९८६ सालाचा आहे. त्या साली क्रमांक मिळालेली जात आपल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यास पुढे दहा-एक वर्षे लोटली. सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. अशा केंद्रांत नव्या जाती आपल्या मातीत लावून, वर्षानुवर्षे वजने घेऊन, उतारा तपासून मगच त्यांची शिफारस होते.

आता व्यापारी बंधूंनी विचार करावा. उसाचे बेणे एका शेतकऱ्याने घेतले की पुढील हंगामी ते शेजाऱ्याला मिळते, त्याच्याकडून पाहुण्याला जाते. एक कांडी शंभर शेतांत फिरते. ज्याने ती जात निर्माण केली, त्याला ह्या देवघेवीतून पै मिळत नाही. दहा वर्षे पैसा गुंतवावा, नऊ जाती फुकट जाव्यात, दहावी साधली तर ती सर्वांची व्हावी, असा धंदा कोणता शहाणा व्यापारी करील? तो करणार नाही, ह्यात त्याचा दोषही नाही. ज्याचे फळ सर्वांना मिळते, त्याचा खर्चही सर्वांच्या तिजोरीतून व्हावा, हे न्याय्यच आहे. येथपर्यंत आमचे ज्येष्ठ सभासद जिंकले.

पण सरकारच्या हातालाही मर्यादा आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उसळली. सरकारने डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या सहायकांनिशी त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोक लसीला भीत होते. अशा वेळी तिसरे आगाखान ह्यांनी ती चारचौघांत टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू वापरावयास दिली. १८९९ साली परळच्या जुन्या सरकारी वाड्यात प्रयोगशाळा थाटली गेली. तीच आजची हाफकिन संस्था. काम सरकारी खरे, पण अडचणीच्या वेळी एका खाजगी गृहस्थाचा हात लागला.

पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. एकच बाटली दूषित झाली होती. परंतु ठपका हाफकिन ह्यांजवर आला, त्यांना कामावरून दूर करण्यात आले, आणि ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. सरकारी यंत्रणेला जमाखर्चाची आणि जबाबदारीची शिस्त असते, ती असलीही पाहिजे. तथापि त्या शिस्तीतून चुकीचे भय जन्मते. संशोधन हे तर चुकत-माकतच पुढे जाणारे काम. त्यामुळे ज्याचे नाव अजून झालेले नाही, ज्याच्या कल्पनेला अद्याप कोणी मान डोलावलेली नाही, अशा माणसाच्या हाती पहिला रुपया देण्यास सरकारी खाते कचरते.

तो पहिला रुपया देण्याचे धाडस अनेकदा खाजगी दात्याने दाखविले आहे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेची कल्पना जमशेटजी टाटांची. त्यांनी त्यासाठी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा देऊ केला, म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ साली संस्था स्थापन झाली. जमशेटजी १९०४ सालीच निवर्तले होते. लावलेले झाड त्यांना पाहावयास मिळाले नाही.

दुसरे उदाहरण डॉ. होमी भाभा ह्यांचे. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत पदार्थविज्ञानासाठी एका संस्थेची मागणी केली. पुढे अणुशक्तीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राची तारीख लक्षात घ्या. हिरोशिमावर बाँब पडण्यास अजून सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. अणुशक्ती म्हणजे काय हे राज्यकर्त्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक होते. ट्रस्टने होकार दिला, मुंबई सरकार सहभागी झाले, आणि १९४५ साली संस्था प्रथम बंगळुरात व त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यात सुरू झाली. पुढे तिचा व्याप वाढला. तो कोणत्याही एका ट्रस्टला पेलणारा नव्हता. तेव्हा मुख्य भार केंद्र सरकारने उचलला. १९६२ साली कुलाब्याला तिच्या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण ह्याच संस्थेच्या शाखेने उभारली. एका पत्राला मिळालेला ट्रस्टचा होकार आणि त्यामागे देशाच्या तिजोरीचे सातत्य, ह्या दोहोंवाचून हे घडले नसते.

आपल्या कोल्हापुरास अभिमान वाटावा असे ह्याच मालिकेतील नाव म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. त्यांचा जन्म १९३८ साली येथलाच. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे देहावसान झाले. केंब्रिजला गेले ते टाटांच्या शिष्यवृत्तीच्या साहाय्याने. तेथे फ्रेड हॉइल ह्यांनी १९६६ साली काढलेल्या ज्या खगोलसंस्थेत त्यांनी काम केले, तिला खाजगी प्रतिष्ठानांचा व सरकारी संशोधन मंडळाचा असा दुहेरी पैसा होता. मायदेशी परतल्यावर ते भाभांच्या संस्थेत आले, आणि १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने पुण्यास स्थापिलेले ‘आयुका’ हे केंद्र त्यांनी उभे केले. दात्याचा आणि जनतेचा, दोन्ही पैसे एकाच माणसाच्या आयुष्यात कसे गुंफले गेले पाहा.

मग व्यापारी बंधूंचे काय? संशोधनात व्यापाराला स्थान नाही काय? अवश्य आहे. कोविडची आठवण अजून ताजी आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून काढलेली. पुढे ती सर्वस्वी सरकारी झाली. २०२० साली तेथे विषाणू वेगळा करण्यात आला आणि हैदराबादच्या एका खाजगी कंपनीच्या सहकार्याने ‘कोव्हॅक्सिन’ तयार झाली. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठातील. तिचे मूळ संशोधन बहुतांशी सार्वजनिक व धर्मादाय पैशावर झालेले. ती बनविली पुण्याच्या सीरम संस्थेने, ही १९६६ साली स्थापन झालेली खाजगी कंपनी. मान्यता मिळण्यापूर्वीच उत्पादनास आरंभ करण्याचे धाडस तिने केले म्हणून १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू होताना कुप्या तयार होत्या. हे श्रेय व्यापाराचे आहे. ते कोणी नाकारू नये.

त्याच वर्षी एप्रिलात त्या लसीच्या किमती जाहीर झाल्या, त्याही आठवा. केंद्र सरकारला १५० रुपये, राज्यांना प्रथम ४०० आणि मग ३००, खाजगी रुग्णालयांना ६००. औषध एकच, माणसाचा दंडही तोच, आणि मोल तीन तऱ्हांचे! देशभर चर्चा झाली, आणि २१ जूनपासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राने मोफत लसीची व्यवस्था केली. ह्यात कोणास खलनायक ठरविण्याचा माझा हेतू नाही. कारखाना उभारणाऱ्याने नफा पाहिला तर तो त्याचा धर्मच. पण शोधाचे फळ कोणाला आणि केवढ्याला मिळावे, हा निर्णय नफ्यावर सोपविता येत नाही. त्यासाठी जनतेचा पैसा आणि जनतेचा शब्द आरंभापासून त्यात असावा लागतो.

येणेप्रमाणे तिघांची तीन कामे झाली. ज्यावर अद्याप कोणाचा विश्वास नाही त्याला पहिले बळ द्यावे दात्याने. पिढ्यान्‌पिढ्या ते चालू ठेवावे सरकारने. आणि सिद्ध झालेली वस्तू घरोघर पोहोचवावी व्यापाऱ्याने. एकाच्या जागी दुसरा बसविला की काम बिघडते.

आपण म्हणाल, दाते म्हणजे टाटा आणि आगाखान. आपण कोठे त्यांच्या पंक्तीला बसणार? म्हणून आता थोरामोठ्यांस सोडून एका प्राध्यापकाकडे वळतो. मालवणास १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. कृष्णेच्या खोऱ्यातील नदीत, गोड्या पाण्यात राहणारा जेलीफिश त्यांनी शोधून काढला. त्याचा बाजारात काय उपयोग, असे विचाराल तर काहीच नाही. पण ज्या डोळ्यांनी तो पाहिला, त्याच डोळ्यांना पुढे पुष्कळ काही दिसणार होते. कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकी संपवून आघारकर पुण्यास आले आणि १९४६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिली. आरंभी संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. १९६० साली निधन होईपर्यंत त्यांनी तिचे संचालकपद बिनवेतन सांभाळले. पुढे सरकारी अनुदान आले, संस्था वाढली आणि १९९२ साली तिला आघारकरांचे नाव मिळाले. तिने काढलेल्या सोयाबीनच्या जाती आज शेतकरी पेरतात. निवृत्तीनंतर एका प्राध्यापकाने एवढे केले.

आणखी एक उदाहरण आपल्या उसाचेच घेऊ. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन संशोधनसंस्था काढली. ती आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते. सभासद कारखाने गाळपाच्या टनांवर ठरलेली वर्गणी देतात. म्हणजे आपल्या फडातून गेलेल्या प्रत्येक मोळीतला कणभर पैसा संशोधनाकडे जातो. परदेशातही हे घडले आहे. अमेरिकेत लहान मुलांना पंगू करणाऱ्या पोलिओविरुद्ध सामान्य लोकांनी दहा-दहा सेंटांची नाणी टपालाने पाठवून निधी उभारला. त्या निधीच्या बळावर डॉ. साल्क ह्यांची लस सिद्ध झाली आणि १९५५ साली ती यशस्वी असल्याचे जाहीर झाले. तिचे एकस्व कोणी घेतले नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण काही आपल्याच मुलखापुरती खरी नव्हे.

आज आपल्या देशाची स्थिती काय आहे? सरकारी आकड्यांप्रमाणे २०२०-२१ साली संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. शंभर रुपयांत पासष्ट पैसेही नाहीत. त्यातील खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा त्यात संकल्प आहे, आणि त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे ‘ते काम सरकारचे’ असे आपण म्हणतो, तेव्हा सरकारही आपल्याकडे पाहत असते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा. वडील भाजीची हातगाडी लावीत. पदव्युत्तर शिक्षणानंतर तो संशोधनास लागला. गुऱ्हाळात उसाच्या रसातील मळी काढण्यासाठी भेंडीचा चीक पूर्वापार वापरतात. गुळाचा रंग उजळावा म्हणून अलीकडे रसायने घालतात. रसायनाशिवाय गूळ स्वच्छ आणि टिकाऊ कसा राहील, पावसाळ्यात त्याला पाणी का सुटते, ह्यावर तो काम करीत होता. कोल्हापूरच्या दृष्टीने ह्याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? पण त्याला मंजूर झालेले विद्यावेतन महिनोन्‌महिने आले नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. तो एका गूळ-व्यापाऱ्याकडे गेला, त्यांनी विचारले, “हंगामाआधी उत्तर मिळेल का?” खरे बोलणारा मुलगा, म्हणाला, “सांगता येत नाही.” काम थांबले. आज तो औषधांची पेटी घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढतो, चार पैसे मिळवितो, सुखी आहे. त्याच्या वह्या मात्र माझ्या कपाटात आहेत. त्याला त्या वर्षी लागणारी रक्कम आपल्या कार्यालयातील एका लग्नाच्या मांडवसजावटीएवढीही नव्हती. त्या वेळी ती उभी करण्याचे मलाही सुचले नाही, ह्याची खंत मला आहे. म्हणून गतवर्षी उपसूचना मांडली.

ह्या शहराला हा मार्ग नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, अस्पृश्य मानलेले समाज, अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. त्यांची घडण कशी होती? दरबाराने जागा आणि अनुदान द्यावे, समाजाने वर्गणी आणि माणसे द्यावीत. सरकारी की खाजगी, हा वाद महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या अंगणात असा मिटविला. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था त्याच परंपरेत वाढल्या.

म्हणून माझी विनंती पुनश्च मांडतो. संस्थेत पाचशे कुटुंबे धरली आणि प्रत्येकाने वर्षास २०० रुपये दिले, तर एक लाख रुपये होतात. एवढ्याने दुर्बीण उभारता येणार नाही. पण एका तरुणाची रसायने, उपकरणाची दुरुस्ती, प्रवासखर्च आणि अडलेले काही महिने भागतील. ही रक्कम शिवाजी विद्यापीठातील किंवा येथील महाविद्यालयांतील संशोधक विद्यार्थ्यास द्यावी. अटी तीनच असाव्यात. त्याने खर्चाचा चोख हिशेब द्यावा. जे सापडले ते, आणि जे सापडले नाही तेही, प्रामाणिकपणे लिहून सर्वांसाठी खुले ठेवावे. आणि आपण त्याच्याकडे ठराविक मुदतीत ठराविक उत्तर मागू नये.

चौथी अट कोणी सुचवील, हे मी जाणतो: विद्यार्थी आपल्या ज्ञातीचा असावा. बंधूंनो, शिष्यवृत्ती आपल्या मुलांना द्या; तो आपला निधी, ते आपले कर्तव्य. त्यातील एक रुपयाही मी मागत नाही. परंतु संशोधनाच्या निधीला ही अट घालू नका. हाफकिन ह्यांची लस आपल्या पूर्वजांनी टोचून घेतली तेव्हा त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. कोइमतूरच्या कांडीला आपण जात विचारतो ती उसाची. ती काढणाऱ्याची नव्हे. जे आपण सर्वांकडून घेतले, ते सर्वांना परत करण्याची ही एक संधी आहे.

सभागृह बांधण्यास माझा विरोध नाही. ते बांधावे, त्यात लग्ने व्हावीत, मंगलवाद्ये वाजावीत. केवळ ते सजविताना एका मांडवाचा खर्च बाजूस ठेवावा, एवढेच मागणे आहे. कपाटातील त्या वह्या मी आज बरोबर आणल्या आहेत. त्या पुढे नेणारा कोणी विद्यार्थी मिळाला, तर त्या त्याच्या हाती देण्याची माझी तयारी आहे, आणि पहिल्या वर्षाचे माझे २०० रुपये मी आत्ताच खजिनदारांकडे जमा करीत आहे.